तीनशे अठराचा थांबा

१

मोकळ्या रस्त्यावर बस करकचून थांबली, आणि ती कुणी थांबवली हे कुणालाच सांगता येईना.

गुरुवारी सकाळी पावणेदहाला, शाळेजवळच्या आंधळ्या वळणावर हे घडलं. बसमध्ये तेवीस माणसं होती. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं. कंडक्टरबाई मात्र उभी होती. ती दाराजवळच्या दांड्यावर आपटली आणि तिथेच कोसळली. दवाखान्यात नेलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती.

बसचा ड्रायव्हर उंचीमुळे डेपोभर लंबू म्हणून ओळखला जायचा. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. "मी ब्रेक मारलाच नाही. गाडीनं मारला. पडद्यावर आलं, समोर बस उभी आहे. मी बघतोय तर समोर काहीच नाही."

शहरातल्या सगळ्या बसमध्ये दीड वर्षापासून एक यंत्र बसवलेलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण डेपोत सगळे त्याला बोलका डबा म्हणत. मी इथे आहे, इतक्या वेगात आहे, आता थांबतोय, असं तो डबा आजूबाजूच्या बसना सेकंदाला दहादा कळवायचा. वळणापलीकडची बस ड्रायव्हरला दिसत नाही, पण डब्याला तिचा निरोप मिळतो आणि तो पिपाणीसारखा वाजून सावध करतो. अपघात कमी व्हावेत म्हणून ही सोय होती.

चौकशी घड्याळबाईंकडे आली. त्यांनी बावीस वर्षं बसची वेळापत्रकं आखली होती. दोन मिनिटांची चूकही त्यांना दाताच्या फटीत काही अडकावं तशी सलायची. आता निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना त्यांना चौकशी विभागात बसवलं होतं.

"सोमवारपर्यंत अहवाल द्या," डेपो मॅनेजर म्हणाले. "ड्रायव्हर मोबाइल बघत असणार, दुसरं काय. त्याला निलंबित केलंय मी."

घड्याळबाई नियंत्रण कक्षात गेल्या. तिथल्या मोठ्या नकाशावर शहरातली प्रत्येक बस ठिपक्यासारखी दिसते, आणि मागचे दिवसही पुन्हा बघता येतात. त्यांनी गुरुवारचे पावणेदहा लावून घेतले. वळणावर एकच ठिपका होता, लंबूच्या बसचा. पुढे एक किलोमीटरपर्यंत दुसरी बस नव्हती.

मॅनेजर म्हणत होते ते खरं दिसत होतं. तरी लंबूचा चेहरा काही खोटं बोलणाऱ्याचा वाटत नव्हता. खोटंच बोलायचं तर माणूस एखादं कुत्रं आडवं आलं म्हणून सांगेल. नसलेली बस कशाला सांगेल?

२

डबे बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर नियंत्रण कक्षाशेजारच्या खोलीत बसायचा. घड्याळबाई खुर्ची ओढून बसतात न बसतात तोच तो म्हणाला, "लंबूच्या डब्यात नोंद उरलेली नाही, मॅडम."

"मी अजून विचारलंच नाही."

त्याने नजर लॅपटॉपकडे वळवली. टेबलावरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

"तुम्हाला कशाची भीती वाटते?" घड्याळबाईंनी विचारलं.

त्याने दार लोटून घेतलं. "मंगळवारपर्यंत डबा नुसता वाजायचा. ब्रेक मारायचा की नाही ते ड्रायव्हरच्या हातात. आता नवीन सोय आहे, डबा गरज पडली तर स्वतः ब्रेक मारतो. ती पुढच्या महिन्यात सुरू करायची होती. आधी ड्रायव्हर लोकांना शिकवायचं होतं. पण मॅनेजरसाहेबांकडे पाहुणे येणार होते बघायला. त्यांनी तोंडी सांगितलं, मी मंगळवारी रात्री सगळ्या बसमध्ये चालू करून टाकली. बुधवारी दिवसभर काही झालं नाही. म्हटलं, जमलं."

"म्हणजे लंबू म्हणतो ते खरं. गाडीनंच ब्रेक मारला."

"हो. मला वाटलं, माझ्याच कामात चूक राहिली. म्हणून अपघात कळताच ती सोय गुपचूप बंद केली आणि नोंद नाही म्हणालो." त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "पण मी दहादा तपासलं. डब्यानं चूक केलेली नाही. त्याला खरोखरच निरोप आला होता. हे बघा. समोर बस, थांबलेली, वेग शून्य. बसचा नंबर तीनशे अठरा."

"मग ती नकाशावर का नाही?"

इंजिनिअरने चष्मा काढून डोळे चोळले. "तेच तर मला कळत नाहीये."

३

तीनशे अठरा शोधायला घड्याळबाई डेपोत गेल्या. रांगेत तीनशे सतरा होती, तीनशे एकोणीस होती. मधली जागा नव्हतीच, दोघी अंगाला अंग लावून उभ्या होत्या.

"ती कुठून दिसणार बाई," स्टोअरमधून आवाज आला. "ती मोडीत निघाली. सहा महिने झाले."

स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे नाना म्हणत. पन्नाशी उलटलेला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला माणूस. त्यांनी रजिस्टर आणून पान काढलं. पत्रा गेला, सीटा गेल्या, इंजिन गेलं, सगळं तारीखवार लिहिलेलं होतं.

"आणि तिचा डबा?"

"जळालेला होता. टाकून दिला." मग जरा थांबून नानांनी विचारलं, "कंडक्टरबाई शुद्धीवर आली का?"

"अजून नाही."

नानांनी रजिस्टर मिटलं. पेन्सिल आतच राहिली, आणि मग ते बराच वेळ टेबलावर पेन्सिल शोधत राहिले.

घड्याळबाईंनी तिथूनच इंजिनिअरला फोन लावला. मोडीत निघालेली बस म्हटल्यावर त्याच्या डोक्यात निदान एक गाठ सुटली. नकाशा फक्त यादीतल्या बस दाखवतो. तीनशे अठरा यादीतून कमी झाली, म्हणून नकाशाला ती दिसत नाही. डबे मात्र यादी बघत नाहीत. जवळपास जो कुणी बोलेल त्याचं ते ऐकतात.

"पण मॅडम, ती बसच नाही ना आता. मग बोलतंय कोण?"

शुक्रवारी संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला, कंडक्टरबाईने डोळे उघडले. घड्याळबाई धावतच गेल्या. बाईच्या डोक्याला पट्टी होती, आवाज खोल गेलेला.

"समोर बस होती का हो?" घड्याळबाईंनी विचारलं. "नीट आठवून सांगा, घाई नाही."

"मी दारातच होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं." कंडक्टरबाईने डोळे मिटले. "लंबूनं असं का केलं, काही कळत नाही. तो कधी जोरात ब्रेक मारत नाही."

बाहेर व्हरांड्यात मॅनेजरांचा फोन आला. "कंडक्टरचा जबाब झाला ना? बस नव्हती म्हणते ना? मग झालं. सोमवारी त्याला काढून टाकतो."

"साहेब, मंगळवारी रात्री काय चालू केलं होतं तुम्ही?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

४

त्या वळणावरून रोज जाणाऱ्या एका जुन्या ड्रायव्हरला घड्याळबाईंनी शनिवारी सकाळी गाठलं.

"तिथे डबा वाजतोच," तो सहज म्हणाला. "चार-पाच महिने झाले. आम्ही आपले वेग कमी करतो. वळणच तसलं आहे, म्हणून साहेब लोकांनी काही सोय केली असेल."

"कुणाला विचारलं नाहीत?"

"यंत्र सावध करतंय, त्याची कशाला तक्रार करायची? लंबू तेवढा ह्या मार्गावर नवा, गुरुवारी त्याची पहिलीच खेप."

म्हणजे गुरुवारची ती बस एका दिवसाची नव्हती. मेलेली बस पाच महिने त्या वळणावर उभी होती, त्या मार्गावरच्या जुन्या ड्रायव्हरांना ठाऊक होती, आणि एकाही कागदावर नव्हती. घड्याळबाईंचं डोकं भणभणायला लागलं. त्यांनी इंजिनिअरकडून सगळ्या डब्यांतल्या तीनशे अठराच्या नोंदी काढून घेतल्या. कागदांचा गठ्ठा हातभर झाला.

घरी हॉलमध्ये त्यांनी ते कागद जमिनीवर पसरले. सासूबाईंना स्वयंपाकघरातून खुर्चीपर्यंत यायला वाट राहिली नाही.

"काय मांडलंयस हे?"

"एक बस आहे, आई. ती नाहीये, पण आहे."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि कागदांवरून पाय उचलून टाकत खुर्चीत जाऊन बसल्या.

घड्याळबाईंना दुसरं काही सुचेना, तेव्हा त्यांनी तेच केलं जे बावीस वर्षं केलं होतं. उभ्या रेघा मारल्या, आडव्या रेघा मारल्या, आणि तीनशे अठराचं वेळापत्रक मांडायला घेतलं. कोणत्या दिवशी दिसली, किती वाजता पहिली, किती वाजता शेवटची. दुपार झाली तेव्हा त्यांची पेन्सिल थांबली.

"ही सकाळी साडेनऊला येते," त्या स्वतःशीच बोलल्या. "एक वाजता नाहीशी होते. चारला परत येते, आठला जाते. बुधवारी येतच नाही. पाच महिन्यांत एकही बुधवार नाही."

"माझ्यापेक्षा बरं आहे तिचं," सासूबाई म्हणाल्या. "दुपारची झोप, वर आठवड्याची सुट्टी."

घड्याळबाईंनी मान वर करून सासूबाईंकडे बघितलं. मग पुन्हा कागदांकडे. बस अशा वेळा पाळत नाही. अशा वेळा दुकान पाळतं.

आणि गुरुवारच का, तेही त्यांच्या लक्षात आलं. नवीन ब्रेक मंगळवारी रात्री चालू झाला, तेव्हा दुकान बंद झालेलं होतं. बुधवारी सुट्टी. गुरुवारी साडेनऊला दुकान उघडलं, आणि त्यानंतर वळणावर आलेली पहिली बस लंबूची होती.

५

वळणाला लागून तीन दुकानं होती. औषधांचं दुकान दिवसभर उघडं असायचं. वह्या-पेनांच्या दुकानदाराची सुट्टी रविवारी, त्याचं शटर खालीच होतं. तिसऱ्या दुकानावर पाटी होती: वेळ साडेनऊ ते एक, चार ते आठ, बुधवारी बंद. ते शिंप्याचं होतं. त्याची खिडकी रस्त्यापासून दोन हातांवर होती.

रविवारी दुपारी साडेचारला घड्याळबाईंनी इंजिनिअरला एक सुटा डबा घेऊन रस्त्यापलीकडे उभं केलं आणि त्या दुकानात शिरल्या. शिंपी पायजम्याची पट्टी टाचत होता. कोपऱ्यात आठ-नऊ वर्षांची त्याची नात रिळं रंगवार लावत बसली होती.

"मास्टर, एक काम होतं. दुकानाचा मेन स्विच जरा बंद करता?"

शिंप्याने शिलाई थांबवली. त्याने का म्हणून विचारलं नाही. उठून स्विच खाली केला. पंखा मंदावला. रस्त्यापलीकडे इंजिनिअरने हातातल्या डब्याकडे बघितलं आणि मान हलवली. तीनशे अठरा गेली होती. स्विच वर केल्यावर मिनिटभरात परत आली.

डबा खिडकीवरच्या फळीवर, अस्तराच्या कापडाच्या गठ्ठ्यामागे होता. त्याला नीट पट्ट्या ठोकून बसवलेलं होतं. जळल्याची खूण कुठेच नव्हती.

"सरकारी माणूस येऊन लावून गेला," शिंपी म्हणाला. "गाड्या हळू जाव्यात म्हणून. आम्हाला वाटलं, चांगलंच आहे."

"कोण माणूस?"

शिंप्याने नातीकडे बघितलं. "चेहरा काही आठवत नाही बाई."

गिऱ्हाइकांची मापं वर्षानुवर्षं लक्षात ठेवणारा शिंपी, आणि त्याला चेहरा आठवत नव्हता. घड्याळबाईंनी त्याला पुन्हा विचारलं नाही. नात पाण्याचा पेला घेऊन आली. चालताना ती डावा पाय किंचित ओढत होती.

"काय झालं गं पायाला?"

"बस लागली होती," ती म्हणाली. "आता बरा आहे. पळता येतं थोडं."

त्या तशाच डेपोत गेल्या आणि अपघातांचं रजिस्टर मागवलं. आठ महिन्यांपूर्वीची नोंद सापडायला फार वेळ लागला नाही. तेच वळण. शाळेतून परतणारी मुलगी, पाय मोडला. बस नंबर तीनशे अठरा. पुढच्या रकान्यात ड्रायव्हरची सही होती, आणि त्याखाली वेगळ्या शाईत एक ओळ. दोष नाही, तरी स्वतःच्या विनंतीवरून स्टोअर विभागात बदली.

ती सही त्यांनी दोन दिवसांपूर्वी पाहिली होती. मोडीच्या रजिस्टरात, जळालेला डबा असं लिहिलेल्या ओळीपुढे.

६

सोमवारी सकाळी घड्याळबाई स्टोअरमध्ये गेल्या तेव्हा नाना नट-बोल्ट वजनानुसार वेगळे करत होते. बाईंच्या हातातला डबा बघून त्यांनी ते काम पूर्ण केलं, हात पुसले आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा."

"तुम्ही बसा, नाना."

ते बसले. "त्या दिवशी माझ्या डब्यानं मला मागच्यापुढच्या सात बसची खबर दिली होती, बाई. कोण कुठे आहे, कोण थांबतंय, सगळं. पोरीची दिली नाही. डबा डब्याशी बोलतो. पोरीकडे डबा कुठला? ती दप्तर सावरत वळणावर आली, आणि मी पडद्याकडे बघून निर्धास्त होतो."

"तुमचा दोष नव्हता असं लिहिलंय."

"लिहिलंय खरं. मी तिथे गतिरोधक मागितला. तीनदा अर्ज केला. उत्तर आलं की सर्व बसमध्ये डब्यांची सोय असल्यामुळे त्या वळणावर गतिरोधकाची गरज नाही." नानांनी डब्याकडे बोट केलं. "मग म्हटलं, ह्यांना डबाच कळतो ना. तर डबाच लावतो तिथे. माझ्याच बसचा. बस उभी आहे म्हणेल, लोक हळू येतील. मास्टरांना मी खोटं सांगितलं. त्यांना ह्यात ओढू नका."

"आणि तो ब्रेक मारेल, हे माहीत होतं?"

"नाही हो. तो नुसता वाजायचा. कुणी सांगितलं होतं, की आता तो ब्रेकही मारणार?"

"कुणीच नाही," घड्याळबाई म्हणाल्या. "लंबूलाही नाही."

त्यांनी हातातला डबा टेबलावर ठेवला.

"नाना, गुरुवारी तुम्हाला कळलं असेलच. लंबूची नोकरी जात होती. का बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर डबा त्याच दिवशी काढला असता. शाळा सुटायची होती." नानांनी मान खाली घातली. "नाही, ते खरं कारण नाही. मी भ्यालो. सारखं ठरवत होतो, बाई शुद्धीवर आली की बोलतो. ती शुद्धीवर आली, तरी बोललो नाही."

घड्याळबाईंनी अहवालाचा कागद पुढे ओढला. चौकशीत गुन्हेगार सापडला की डोकं हलकं होतं, असं त्यांनी आधीच्या अधिकाऱ्यांकडून ऐकलं होतं. त्यांचं काही हलकं झालं नाही. समोर बसलेल्या माणसाने सरकारी यंत्र चोरलं होतं, रजिस्टरात खोटं लिहिलं होतं, आणि एका बाईचा जीव जाता जाता राहिला होता. त्याच माणसामुळे त्या वळणावरचा बसचा वेग पाच महिने निम्म्यावर आला होता, हेही त्यांच्या गठ्ठ्यात आकड्यांत लिहिलेलं होतं. ह्या दोन गोष्टी एकाच पानावर कशा लिहायच्या, ते त्यांना कळेना.

शेवटी त्यांनी दोन्ही लिहिल्या. मंगळवारच्या तोंडी हुकुमाचंही लिहिलं.

मॅनेजरांनी अहवाल उभ्याउभ्याच वाचला. "ह्यातून काय समजायचं कुणी? दोषी कोण, त्या रकान्यात एक नाव लिहा."

"एका नावात मावत नाही, साहेब. आणि एक प्रत मी वर पाठवली आहे."

७

लंबूला मंगळवारी कामावर परत घेतलं. आपोआप लागणारा ब्रेक आता रीतसर बंद झाला. नाना निलंबित झाले, आणि मॅनेजरांना मुख्य कार्यालयातून बोलावणं आलं. कंडक्टरबाई टाके घेऊन घरी गेली.

शिंप्याच्या फळीवरचा डबा काढला. इंजिनिअर म्हणाला, तिथे रीतसर डबा लावता येईल, बस उभी आहे असं खोटं न सांगता, मुलं रस्ता ओलांडतात असं खरं सांगणारा. काम एका दुपारचं. परवानगी मात्र तीन कार्यालयांची लागणार होती. घड्याळबाईंनी तिन्हीकडे पत्रं पाठवली आणि शाळा सुटायच्या वेळेला स्वतः वळणावर जाऊन उभ्या राहिल्या.

जे व्हायचं तेच होत होतं. डबे गप्प होते, आणि बस पुन्हा पूर्वीच्या वेगाने वळत होत्या. वळणाच्या तोंडाशी नाना उभे होते. हातात काठीला बांधलेला लाल कापडाचा तुकडा. त्याला चारही बाजूंनी व्यवस्थित शिलाई मारलेली होती. पहिल्या बसवाल्याने हॉर्न वाजवला आणि तसाच निघून गेला. दुसरा जरा हळू झाला.

तिसरी बस लंबूची होती. तो वळणाच्या अलीकडे थांबला, दार उघडून खाली उतरला आणि नानांसमोर जाऊन उभा राहिला. घड्याळबाई पुढे व्हायला निघाल्या, मग थांबल्या.

"चार दिवस घरी बसलो मी तुमच्यापायी," लंबू म्हणाला. "पोरगी विचारायची, बाबा, तुम्ही खरंच मोबाइल बघत होता का."

नानांनी झेंडा खाली घेतला.

"तो वरच धरा," लंबू म्हणाला. "शाळा रोज ह्याच वेळेला सुटते?"

"साडेपाचला. सगळी पोरं जायला दहा मिनिटं लागतात."

"माझी ही खेप आता रोज ह्या सुमाराला असणार आहे. मी इथेच उभी करत जाईन. माझ्या मागच्यांना मग थांबावंच लागेल."

तो परत जाऊन सीटवर बसला. बसमधून कुणीतरी ओरडलं, उशीर होतोय, चला. लंबूने आरशातून मागे बघितलं आणि इंजिन बंद केलं. मागे एक बस येऊन थांबली, तिच्यामागे आणखी एक. नानांनी काठी उंच धरली, आणि शाळेच्या फाटकातून पोरांची पहिली रांग रस्त्यावर आली.